यमुताई मोटघरे आणि जमा केलेले चष्मे

वाडीच्या एका ट्रान्सपोर्ट गोदामात यमुताई मोटघरे यांनी बावीस वर्षे बिल्ट्या लिहिल्या. बिल्टी म्हणजे मालासोबत जाणारा कागद. किती नग ट्रकमध्ये चढले ते त्यावर लिहायचे आणि खाली सही करायची, एवढेच काम. बाकीचे कारकून हमालांनी सांगितलेला आकडा लिहून मोकळे होत. यमुताई मात्र खुर्चीवरून उठत, ट्रकच्या मागे जाऊन नग स्वतः मोजत आणि मगच सही करीत. ड्रायव्हर ओरडत, "ओ बाई, अमरावतीले पोचाचं हाय, मोजून काय राहिल्या!" यमुताई म्हणत, "न पाहता सही करत नाही मी. तू जा, ट्रक राहू दे." बावीस वर्षांत त्यांच्या बिल्टीवरून एकही तक्रार आली नाही. या कामगिरीची दखल मालकाने एकदाही घेतली नाही, हे ओघानेच आले.

एकावन्नाव्या वर्षी त्यांची झोप गेली. नग एकदा मोजून समाधान होईना. मग तीनदा, मग सातदा. पुढे त्या घरी येऊन फरशा मोजू लागल्या, आणि एके दिवशी गोदामातल्या पोत्यांनी आपापले आकडे त्यांना मोठ्याने सांगायला सुरुवात केली. त्यांचे धाकटे भाऊ बळीराम यांनी त्यांना हुडकेश्वरहून रिक्षाने कन्हान रस्त्यावरच्या वेणुवन शासकीय मनोपचार रुग्णालयात आणले. औषधे बरी निघाली. दुसऱ्या महिन्याच्या शेवटी पोती गप्प झाली. यमुताई मात्र रुग्णालयात अकरा महिने राहिल्या. उरलेल्या नऊ महिन्यांचे कारण चष्मा हे होते.

वेणुवनात दाखल होताना रुग्णाचा चष्मा जमा करण्याची पद्धत होती. कधीतरी, कोणा एका रुग्णाने भिंग फोडून स्वतःला इजा करून घेतली होती, तेव्हाच्या अधीक्षकांनी तोंडी आदेश दिला होता. लेखी आदेश रद्द करता येतो. तोंडी आदेश रद्द कसा करावा याची तरतूद नसल्यामुळे तो चार अधीक्षकांच्या कारकिर्दीत टिकून राहिला. चष्मा भांडारात जाई, त्याला नावाची चिठ्ठी बांधली जाई आणि तो घरी जाताना परत मिळे.

यमुताईंचा नंबर उणे आठ होता. रुग्णाला घरी सोडायचे की नाही हे आढाव्यात ठरे. पहिल्या आढाव्यात डॉक्टरांनी त्यांच्यापुढे वर्तमानपत्र धरले, तेव्हा त्यांनी ते ओढून नाकाला लावले. डॉक्टरांनी नोंद केली : "कागदाचा वास घेते." दुसऱ्या आढाव्याला बळीराम आले आणि टेबलाच्या पलीकडे, आठ फुटांवर, मुकाट उभे राहिले, कारण रुग्णाशी आधी बोलू नका असे त्यांना बजावले होते. हे कोण, असे विचारल्यावर यमुताईंनी प्रामाणिकपणे सांगितले, "माणूस हाय. पांढरा शर्ट घातलेला." नोंद झाली : "सख्ख्या भावास ओळखत नाही." बळीराम पायरीवर बसून रडले आणि घरी गेले. तिसऱ्या खेपेला ते खोकत आत आले. खोकला ओळखीचा होता. यमुताई पास झाल्या.

घरी जाताना चष्मा मिळाला. तो डोळ्यांवर ठेवून त्यांनी आपली फाइल मागितली, उभ्या उभ्या वाचली आणि परत केली. त्या काहीच बोलल्या नाहीत. रुग्णालयाच्या दप्तरी "शांत स्वभाव" अशी नोंद त्याच दिवशीची आहे.

या नोंदीमुळेच वर्षभराने त्यांना पत्र आले. मानसिक आरोग्यसेवेच्या सुधारणेत सेवा घेणाऱ्यांचाही सहभाग असावा असे वरून ठरले होते. वेणुवनात सल्लागार समिती नेमायची होती आणि तिच्यात एक माजी रुग्ण आवश्यक होता. कार्यालयाने शांत स्वभावाच्या माजी रुग्णांची यादी काढली. यादीत एकच नाव होते.

समितीच्या पहिल्या तीन बैठकांत यमुताईंना फुलांचा गुच्छ, सामोसा आणि "लाभार्थी" असे लिहिलेली पाटी मिळाली. बैठकीत भिंतींच्या रंगावर चर्चा झाली. आकाशी रंग मनाला शांती देतो, असे एका सदस्याचे मत पडले. दुसऱ्यांचे फिकट हिरव्याविषयी तसेच मत होते. यमुताईंनी दर वेळी हात वर केला, दर वेळी एकच गोष्ट सांगितली, "चष्मे परत द्या," आणि दर वेळी अधीक्षक म्हणाले, "अतिशय चांगली सूचना आहे." इतिवृत्तात ती "दृष्टिकोनात बदल आवश्यक" या स्वरूपात आली.

चौथ्या बैठकीला मात्र आणखी थांबण्याची सोय उरली नव्हती. कारण शोभाताई.

शोभाताई कन्हानच्या. वय बासष्ट. यमुताईंच्या शेजारची खाट त्यांची. सात महिने दोघी हातभर अंतरावर झोपल्या, आणि रात्रंदिवस बोलल्या, कारण डोळ्यांना दुसरा उद्योग नव्हता. शोभाताईंच्या डोळ्यांचे मोतीबिंदू फार वर्षांपूर्वी एका शिबिरात काढले होते. डोळ्यांत भिंग बसवण्याची चैन त्या शिबिरात नव्हती. बाटलीच्या बुडासारखा जाड चष्मा लावला तर त्यांना जग दिसे, नाही तर सगळे ढवळलेल्या पाण्यासारखे. तो चष्मा भांडारात होता. आढाव्यात त्या दोनदा नापास झाल्या होत्या. वेणुवनात तिसऱ्यांदा नापास होणाऱ्याला दीर्घकालीन विभागात पाठवत, आणि त्या विभागात आढावा घेण्याची पद्धत नव्हती. शोभाताईंचा तिसरा आढावा गुरुवारी होता. समितीची बैठक मंगळवारी.

मंगळवारी अधीक्षकांनी इतिवृत्त पुढे सरकवले. "यमुताई, इथे सही करा. शुक्रवारी मुंबईची तपासणी आहे. लाभार्थींची सही नसेल तर समिती झाली असं धरत नाहीत."

यमुताईंनी इतिवृत्त वाचले. सातव्या परिच्छेदात लिहिले होते की रुग्णांच्या वैयक्तिक वस्तू भांडारात सुरक्षित असून समितीने त्याची खात्री करून घेतली आहे.

"खात्री कवा केली?" त्यांनी विचारले.

"म्हणजे, तत्त्वतः केली."

"मी नाही केली. भांडार उघडा. पाहतो आणि मंग सही करतो."

अधीक्षकांनी घड्याळाकडे पाहिले, सदस्यांनी सामोशांकडे. रंगाच्या विषयातले तज्ज्ञ सदस्य म्हणाले, "अहो, विश्वास नावाची काही गोष्ट असते की नाही?"

"असते नं," यमुताई म्हणाल्या. "ते बिल्टीवर लिहीत नाही."

भांडारपाल अंकुश याला बोलावण्यात आले. तो किल्ल्यांचा जुडगा घेऊन आला आणि दारातच उभा राहिला. "साहेब, उघडतो, पण मले दोष देऊ नका. मी तर दोन वर्साआधीच आलो."

भांडारात कोपऱ्यात एक पत्र्याची पेटी होती. झाकण उघडले. आत चष्मे होते : काळे, सोनेरी, एका दांडीचे, दोऱ्याने बांधलेले, एकमेकांत पाय अडकवून बसलेले. यमुताईंनी जमिनीवर बसून ते मोजले. एकशे बेचाळीस निघाले. चिठ्ठ्या एकाही चष्म्याला नव्हत्या. पेटीच्या तळाशी कागदाचा भुगा आणि उंदरांच्या लेंड्या होत्या.

"अंकुश," अधीक्षक हळूच म्हणाले, "आता कोणता कोणाचा, हे कसं कळणार?"

"ज्याले दिसन त्याचा," अंकुश म्हणाला. समितीच्या संपूर्ण कार्यकाळातली ही एकमेव तांत्रिक शिफारस.

डॉ. गार्गी नावाची तरुण डॉक्टर नव्याने रुजू झाली होती आणि म्हणून अजून प्रश्न विचारत असे. ती म्हणाली, "सर, पेटी स्त्रियांच्या वॉर्डात नेऊ? एकेक लावून बघतील." मुंबईची तपासणी तीन दिवसांवर नसती तर यावर उपसमिती नेमली गेली असती. अधीक्षकांनी मान हलवली.

यमुताई पेटीचे एक कडे धरून निघाल्या. वॉर्डाच्या दाराशी परिचारिकेने अडवले. "ताई, समितीच्या सदस्यांना लेखी परवानगीशिवाय आत जाता येत नाही."

"मी अकरा महिने आत होती नं वं."

"तेव्हा पेशंट होत्या. पेशंटला परवानगी लागत नाही."

यात चूक काढण्यासारखे काही नव्हते. यमुताई बाहेरच्या बाकावर बसल्या आणि त्यांनी सुधारणा कानांनी ऐकली. आधी पेटीतले चष्मे चिवडल्याची खडखड. मग कोणीतरी म्हणाले, "अवं माय, छताले पंखा हाय!" मग, "हे इतकी घाण? आपून इथं जेवून राहिलो?" मग हशा, मग भांडण, "माहा हाय तो, उतार!" "तुहा असता तर तुले दिसला असता, बुढे!" आणि या गोंगाटात मध्येच शोभाताईंचा आवाज : "नाही. हाही नाही. दुसरा दे." बऱ्याच वेळाने तोच आवाज म्हणाला, "थांब. हा राहू दे." तो चष्मा त्यांचा नव्हता. रुंद, पुरुषी चौकटीचा होता. पण भिंग तेवढेच जाड होते. ज्याचा होता तो आता कुठे असेल, हे विचारण्याची कोणाची तयारी नव्हती.

यमुताईंनी सातवा परिच्छेद खोडला, तिथे "एकशे बेचाळीस चष्मे, चिठ्ठ्या नाहीत" असे लिहिले आणि सही केली.

गुरुवारी आढाव्याला समितीच्या वतीने यमुताई उपस्थित होत्या. खिडकीजवळ खुर्ची होती. निरीक्षकाने बोलायचे नाही, खूण करायची नाही, हे अधीक्षकांनी त्यांना दोनदा सांगितले. शोभाताईंना आत आणले. चौकट गालांवरून घसरत होती. त्यांनी ती एका बोटाने वर धरली होती.

डॉ. गार्गीने वर्तमानपत्र पुढे केले. शोभाताईंनी पहिल्या पानावरची बातमी वाचली, दुसरी वाचली, मग एका सोनाराची जाहिरात वाचून म्हणाल्या, "घडणावळ माफ म्हणते. लबाड हाय." वार, महिना, जिल्हा, सगळे बरोबर. डॉ. गार्गी बरोबरच्या खुणा करीत शेवटच्या रकान्याशी आली. "परिचित व्यक्तीस ओळखणे." शोभाताईंचा पुतण्या खाणीतल्या पाळीवर असल्यामुळे आला नव्हता. अधीक्षकांनी सहज यमुताईंकडे हात केला. "या बाई कोण, सांगा."

शोभाताईंनी चौकट वर ढकलली. खिडकीजवळच्या बाईकडे त्यांनी नीट, वरून खाली, पुन्हा वर पाहिले. घाई केली नाही.

"हिले मी ओळखत नाही," त्या म्हणाल्या.

अधीक्षकांनी पेन उचलले. सात महिने शेजारच्या खाटेवर असलेली बाई. सुटल्यावरही दर महिन्याला भेटायला येणारी. त्यांनी लिहिले : "निकटच्या व्यक्तीस ओळखत नाही." पूर्णविराम दिला. डॉ. गार्गीने मान खाली घातली.

यमुताईंनी मांडीवर हात घट्ट धरले होते. बावीस वर्षांत त्यांनी एकही नियम मोडला नव्हता. त्यांचा आजारदेखील नियम फार पाळण्यातून आला होता. त्या उठून उभ्या राहिल्या.

"काहून वं शोभाकाकू," त्या म्हणाल्या, "मले नाही ओळखत?"

"निरीक्षकांनी बोलू नये," अधीक्षक म्हणाले.

पण शोभाताई खुर्चीतून अर्ध्या उठल्या होत्या. "आवाज यमीचा हाय," त्या म्हणाल्या. "थोबाड कोणाचं हाय ते मले मालूम नाही."

शोभाताईंनी चौकट सावरली आणि अधीक्षकांना समजावून सांगितले, लहान मुलाला सांगावे तसे. "साहेब, चष्मा तुमच्यापाशी होता. ही आली, गेली, भेटाले आली, पण मी हिचं तोंड कवा पाहिलंच नाही. मले वाटे गोरी अशीन. उंच अशीन. हे तं काळी हाय, अन् बुटकी हाय. मी ओळखो कशी?"

"बस झालं, काकू," यमुताई म्हणाल्या.

"खोटं बोलू का मंग? तेच तं इचारून राहिले, पाहून सांग म्हणून. पाहून सांगितलं."

अधीक्षकांनी लिहिलेल्या वाक्याकडे पाहिले. ते व्याकरणदृष्ट्या निर्दोष होते आणि वस्तुस्थितीलाही धरून होते. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. त्यांचा चष्मा कोणी कधी जमा केला नव्हता. मग त्यांनी ते वाक्य एका रेघेने खोडले आणि त्याखाली लिहिले : "घरी जाण्यास योग्य."

शोभाताईंना ते उलटे दिसत होते, तरी त्यांनी ते अक्षर अक्षर लावून मोठ्याने वाचले. मग त्या यमुताईंकडे वळल्या. वॉर्डात आरसा नव्हता. काचेचा असतो म्हणून.

"अन् मी कशी दिसून राहिली वं?"

"म्हातारी," यमुताई म्हणाल्या.

"हे यमीच हाय," शोभाताई अधीक्षकांना म्हणाल्या. "लिहून घ्या."

त्या गेल्यावर शिपायाने पुढचे नाव पुकारले, मीराबाई, पेटी न पोचलेल्या दुसऱ्या वॉर्डातल्या. भिंत चाचपत एक बाई आत आली. डॉ. गार्गीने वर्तमानपत्र उचलले, मग खाली ठेवले. "सर," ती म्हणाली, "हिला चष्मा होता का, ते आधी विचारू या." अधीक्षकांनी अंकुशला बोलावले. तो पेटी घेऊन आला आणि त्याने ती टेबलावर, फाइलींच्या वर, ठेवली.

शुक्रवारच्या अहवालात शोभाताईंच्या सुधारणेचे श्रेय औषधातील बदलाला दिलेले आहे.