कानसेनांची तिसरी पेटी

माझ्या ताईचा नवरा, म्हणजे आमचे भाऊजी, चौतीस वर्षं लिफ्ट दुरुस्त करत होते. सगळी गल्ली त्यांना कानसेन म्हणते आणि ते त्यांना मनापासून आवडतं. लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक मोटरला टेकवायचं, मूठ कानामागच्या हाडाला लावायची आणि डोळे मिटायचे. आमच्या इमारतीच्या लिफ्टबद्दल एकदा ते म्हणाले, "हे बेअरिंग महिनाभर काढेल." ते एकोणतिसाव्या दिवशी गेलं. माणसांचं ऐकताना मात्र हा कान कुठे ठेवून येता, असं मी त्यांना विचारते. मेहुणीला तेवढा हक्क असतोच. मी त्यांच्या खालच्याच मजल्यावर राहते आणि चष्म्याच्या दुकानात काम करते, म्हणजे दिवसभर लोकांना "ही काच बरी की आधीची?" असं विचारत बसते.

दोन वर्षांपूर्वी तापाच्या दुखण्यात ताईचा उजवा कान गेला. पार गेला. ताईने त्याचा बाऊ केला नाही. उलट म्हणायची, "आता एका कानाने ऐकून दुसऱ्या कानाने सोडून देता येत नाही. सगळं आतच साठतं. जपून बोला." आम्ही हसायचो, तीही हसायची.

पण शनिवारचा पिक्चर बंद पडला. लग्नापासून दर शनिवारी संध्याकाळी दोघं मिळून पिक्चर बघायची. सोफ्याच्या डाव्या टोकाला ताई, उजव्या टोकाला भाऊजी, जागा कधी बदलल्या नाहीत. पिक्चरभर भाऊजींची शेरेबाजी चालायची आणि ताईचं हसणं माझ्या छतातून खाली यायचं. कान गेल्यावर एका शनिवारी ताई म्हणाली, "अहो, बोललेलं काही कळतच नाही मला." भाऊजींनी ते इतकं मनावर घेतलं की त्या दिवसापासून पिक्चर चालू असताना तोंड उघडलं नाही. तिला पडद्यावरचं बोलणं नीट ऐकू यावं म्हणून. आवाज वाढवून बघितला, तरी काही उपयोग नाही. चार-सहा शनिवार ताई बसली, मग उठून आतल्या खोलीत शिवणाच्या मशीनवर बसायला लागली. मी मीठ मागायला वर गेले की भाऊजी एकटेच सोफ्यावर दिसायचे, समोर टीव्ही आणि शेजारी रिकामी उशी. मला ते बघवायचं नाही.

निवृत्त झाल्यावर भाऊजींनी एकच काम हातात घेतलं: ताईला सोफ्यावर परत आणायचं. त्यासाठी समोर तीन आणि मागे दोन असे पाच स्पीकर घेतले, शिवाय कोपऱ्यात घुमणारा एक मोठा डबा. हा डबा बरोबर माझ्या पलंगाच्या वर येतो, हे मी त्यांना वेळोवेळी कळवलं आहे. राहिला होता प्रोसेसर. कुठला आवाज कुठल्या स्पीकरला आणि किती द्यायचा, हे ठरवणारी पेटी. दुकानदार ओळखीचा होता, त्याची लिफ्ट भाऊजींनीच सांभाळली होती. त्याने तीन पेट्या आठ दिवसांसाठी घरी दिल्या. "ऐका, एक ठेवा, दोन रविवारी परत आणा."

पहिली पेटी एवढी मोठी होती की टीव्हीखालच्या कपाटाचं दार काढावं लागलं. भाऊजींनी विमानांचा पिक्चर लावला. मी दचकून मागे बघितलं, खरंच डोक्यावरून काहीतरी गेल्यासारखं वाटलं.

"कसं वाटलं?" भाऊजींनी विचारलं.

"छान आहे," ताई म्हणाली. "पण मला सगळी विमानं डावीकडूनच येतात हो. तिकडेच विमानतळ दिसतोय." आणि ती उठून गेली.

भाऊजींचा चेहरा उतरला. एका कानाला आवाजाची दिशा कळत नाही, ही साधी गोष्ट त्यांच्या लक्षातच आली नव्हती. दोन दिवस ते वायरी काढत-लावत बसले. मग दुसरी पेटी लावली. तिच्यात बोलणं स्पष्ट करायची काहीतरी सोय होती, पण त्यात सगळी माणसं सर्दी झाल्यासारखी बोलत होती.

"ही बरी की आधीची?" भाऊजींनी माझ्याकडून उचललेला प्रश्न केला.

"दोन्ही छान आहेत," ताई म्हणाली. दुकानात एखादं गिऱ्हाईक "दोन्ही सारख्याच" म्हणालं, की समजावं, चष्मा डोळ्यांसाठी नकोच आहे, दुखणं दुसरंच आहे. मला तिथेच शंका यायला हवी होती. आली नाही. मी स्वतःला फार हुशार समजते.

तिसरी पेटी शनिवारी दुपारी उघडली. दिसायला अगदीच साधी, पण तिच्याबरोबर एक छोटा मायक्रोफोन होता. ऐकणारा जिथे बसतो तिथे, कानाच्या उंचीवर, तो ठेवायचा. मग पेटी एकेका स्पीकरमधून शिट्टीसारखा आवाज काढते, खोली मोजते आणि सगळे आवाज त्या जागेसाठी जुळवून घेते. त्या वेळात खोलीत कुणी हूं की चूं करायचं नाही.

"हिच्यात मधला स्पीकर वेगळा वाढवता येतो," भाऊजी मला हळूच म्हणाले. "बोलणं सगळं मधल्यातून येतं. आणि मोजमाप तुझ्या ताईच्या जागेवरून घ्यायचं, मधून नाही. ही नाही जमली, तर मग काही नाही."

ते टीव्हीच्या मागे वायरींमध्ये बसले, फक्त टक्कल दिसत होतं. मी मायक्रोफोन घेऊन सोफ्यापाशी उभी. टीव्हीमागून ते ओरडले, "डाव्या जागेवर ठेव गं!"

इथे एक घरगुती गोष्ट सांगायला हवी. भाऊजींचं डावं म्हणजे आपलं उजवं. आयुष्यभर यंत्राच्या मागून काम केल्यामुळे ते डावं-उजवं यंत्राच्या बाजूने मोजतात. माझं कपाट वर चढवताना त्यांनी हमालांना "डावीकडे, डावीकडे" म्हटलं होतं, तेव्हा पडलेला खड्डा जिन्याच्या भिंतीवर अजून आहे. तेव्हापासून घरात नियमच आहे: भाऊजींनी डावं म्हटलं की उजवं समजायचं. ताईची जागा कुठली, याचा विचारही न करता मी नियमाप्रमाणे सोफ्याच्या उजव्या जागेवर तीन उशा रचल्या, वर मायक्रोफोन ठेवला आणि हाताची घडी, तोंडावर बोट. पेटीने पाऊण तास शिट्ट्या मारल्या. भाऊजी तेवढा वेळ मागेच बसून होते. मध्ये माझ्या नाकात शिंक आली, ती मी कशी परतवली माझं मला माहीत.

संपल्यावर ते गुडघे चोळत बाहेर आले आणि उशांकडे बघत राहिले.

"हे काय? मी डावी म्हटलं होतं."

"म्हणूनच उजवीवर ठेवला!"

"अगं, आज मी मुद्दाम तुमच्या बाजूने सांगितलं! चूक नको म्हणून दोनदा विचार करून!"

"मग आधी सांगायचं ना, की आज बरोबर सांगतोय!"

आतलं मशीन थांबलं. ताई दारात येऊन उभी राहिली, तोंडाला पदर लावून. पुन्हा पाऊण तास श्वास रोखून बसायची माझी तयारी नव्हती आणि ते मी स्पष्ट सांगितलं. शेवटी ताईच म्हणाली, "राहू द्या हो. मी बसते उजवीकडे. जागा काय पळून जातेय?"

म्हणून इतक्या वर्षांत पहिल्यांदा ताई सोफ्याच्या उजव्या टोकाला बसली आणि भाऊजी डाव्या. ते अवघडून बसले होते, दुसऱ्याचे बूट घातल्यासारखे. पिक्चर मारामारीचा होता. मधला स्पीकर भाऊजींनी चांगला वाढवला होता, एकेक शब्द टिपून घ्यावा असा. तरी ताईचं लक्ष शिवणातल्या उसवलेल्या बाहीकडे होतं. दहा मिनिटं झाली. आता उठणार, असं मला वाटलं. भाऊजींनाही वाटलं असावं, कारण ते पडद्याऐवजी तिच्या हाताकडे बघत होते.

एवढ्यात पिक्चरमधला नायक लिफ्टमध्ये अडकला. त्याने उडी मारली, छताची झडप एका बुक्कीत उघडली आणि वर चढला. दोन वर्षं दाबून धरलेलं भाऊजींचं तोंड तिथे सुटलं.

"ती झडप बाहेरून बंद असते, गाढवा," ते पुटपुटले. "आणि त्या तारेला हात लावू नकोस, वंगण आहे. शर्टाचं वाटोळं होईल, धुणार कोण?"

ताई खो-खो हसली. बाही मांडीवरून खाली पडली. हसता हसता डोळ्यांत पाणी आलं, ते तिने पुसलं, आणि मग ते थांबेचना, तेव्हा मला कळलं की हे नुसतं हसणं नाही.

भाऊजी घाबरले. "चुकलं, चुकलं. बोलत नाही. ऐक तू."

"अहो, बोला ना!" ताई म्हणाली. "दोन वर्षं झाली, एक शब्द ऐकला नाही तुमचा. मी सांगितलं होतं तुम्हाला, बोललेलं कळत नाही म्हणून."

"तू पिक्चरमधलं म्हणालीस ना?"

"पिक्चरमधलं खाली लिहून येतं. तुमचं कुठे लिहून येतं?"

चौतीस वर्षं ज्यांनी बेअरिंगचा श्वास ऐकला, ते भाऊजी माझ्याकडे बघत राहिले, जणू मीच काहीतरी लपवलं होतं. इतकी वर्षं ते तिच्या उजव्या कानाशी बसत होते, आणि तोच नेमका गेला होता. आम्हा तिघांपैकी एकालाही जागा बदलायचं सुचलं नव्हतं.

रविवारी दोन पेट्या दुकानात परत गेल्या. मीही बरोबर होते. दुकानदाराने विचारलं, "तिसरीत काय आवडलं? मोजमाप ना? सगळे तेच म्हणतात."

"नाही," भाऊजी म्हणाले. "तिच्या रिमोटवर एक बटण आहे. दाबलं की आवाज एकदम खाली जातो. पुन्हा दाबलं की होता तिथे येतो."

"ते तर सगळ्यांतच असतं हो."

"असेल. पण हिचं अंगठ्याखाली येतं."

आता दर शनिवारी संध्याकाळी मला छतातून सगळं कळतं. डबा घुमत असतो, मधेच एकदम शांत होतो. मी हातातलं काम थांबवते. भाऊजी काय म्हणतात ते खाली ऐकू येत नाही. ताईचं हसणं येतं.