माशिमांचा सोमवार

बालीगंजच्या आमच्या इमारतीत खालच्या मजल्यावर ऐंशी ओलांडलेल्या एक बंगाली बाई राहतात. त्यांना सगळेच माशिमा, म्हणजे मावशी, म्हणतात. मागच्या हिवाळ्यात एका रविवारी सकाळी त्या वडिलांची जुनी वही घेऊन आमच्याकडे आल्या. माझी नोकरी संगणकावरची, तेव्हा हे मला जमेलच असा त्यांचा विश्वास. आई तेव्हा पुण्याहून आलेली होती.

"मी सोमवारची की मंगळवारची, एवढं शोधून दे," माशिमा म्हणाल्या.

वहीत वडिलांनी त्यांचा जन्म बंगाली तारखेने नोंदवला होता: सन, श्रावणातला दिवस, सोमवार, तिथी आणि शेवटी 'शेषरात'. जन्मदाखल्यावरची इंग्रजी तारीख मात्र मंगळवारची. माशिमा शाळेत असतानाच वडील गेले. बाबांना आनंदाच्या भरात वारसुद्धा नीट लिहिता आला नाही, असं म्हणून माशिमांचे थोरले भाऊ त्यांना जन्मभर चिडवत आले होते.

बंगाली सनात पाचशे त्र्याण्णव मिळवले की श्रावणाच्या दिवसांतलं इसवी साल मिळतं, तेवढं सोपं होतं. पण दिवसासाठी उघडलेल्या पहिल्याच संकेतस्थळाने तिसरीच तारीख दाखवली. बांगलादेशात बंगाली महिन्यांचे दिवस पुढे बदलण्यात आले. तो नवा नियम हे संकेतस्थळ जुन्या तारखेलाही लावत होतं. जुनी तारीख तिच्या काळच्या नियमानेच वाचावी लागते, हे मला तेव्हा उमगलं. शेवटी त्याच वर्षाच्या बंगाली पंचांगाची छायाप्रत सापडली. श्रावणातला तो दिवस, सोमवार, तिथी, सगळं वहीतल्यासारखंच. शेजारी छापलेली इंग्रजी तारीख मात्र दाखल्यापेक्षा एक दिवस आधीची.

"म्हणजे बाबाच चुकले," माशिमा हळूच म्हणाल्या आणि वही मिटू लागल्या.

हे सगळं मी आईला मराठीत सांगत होते. तिला बंगाली येत नाही. "जन्म किती वाजता झाला, ते लिहिलंय का?" तिने मला विचारलं.

मी माशिमांना विचारलं. "शेषरात म्हणजे रात्र सरता सरता," त्या म्हणाल्या. "उजाडायच्या आधी."

मी ते आईला सांगितलं. "मग चुकले कुठे?" आई म्हणाली. "इंग्रजी तारीख मध्यरात्री बदलली. पण आपला वार सूर्य उगवल्यावर बदलतो. त्यांच्या वडिलांसाठी अजून सोमवारच होता गं!"

दाखला खरा होता आणि वहीही खरी होती. एका बाळाच्या जन्माच्या वेळी मंगळवार लागलाही होता आणि लागायचाही होता. आणि ज्या माणसाला आईने किंवा मी कधी पाहिलं नव्हतं, तो त्या पहाटे सूर्याची वाट बघत होता, हे पुण्याच्या माझ्या आईने त्याच्या एका शब्दावरून ओळखलं होतं. मी हे बंगालीत कसंबसं सांगितलं. माशिमांनी आईचे दोन्ही हात धरले.

मग त्यांनी हावड्याला त्या थोरल्या भावांना फोन लावला. "दादा, बाबा चुकले नव्हते," एवढं म्हणून त्यांनी सगळं सविस्तर सांगितलं.

"माझं पान काढ बरं," पलीकडून भाऊ म्हणाले. "माझ्या जन्माचं काय लिहिलंय बाबांनी?"