पुरं नाव घेतलं तरच ओ

“दौलत उकंडा खिल्लारे यांचे नातेवाईक कोण आहेत?”

आतल्या दारातून एका माणसानं असा आवाज दिला आणि आमचे मोठेबाबा गेले हे मला कळलं. सांगायची गरजच पडली नाही. भरती झाल्यापासून त्या दवाखान्याच्या माणसानं त्यांचं पुरं नाव पहिल्यांदाच घेतलं होतं, तेही ‘यांचे’ लावून! जिवंत होते तोवर ते तिथं ‘नऊ नंबर’ होते. फारच लाड आला तर ‘ए म्हाताऱ्या’. मेल्यावर मान मिळाला. चला, मिळाला तर खरा...

मोठेबाबा म्हणजे माझ्या वडिलांचे थोरले भाऊ. राहणार मेडशी, उभी नोकरी एसटीत कंडक्टर म्हणून. त्यांच्या वडिलांच्या आधीची लेकरं जगली नव्हती, म्हणून वडिलांचं नाव ठेवलं उकंडा, म्हणजे उकिरडा, की मरणानंही तोंड फिरवावं. गावानं त्याचं केलं ‘उकंड्या’. पांढऱ्या मिशांच्या माणसाला शेंबडी पोरंही ‘ए उकंड्या’ म्हणायची आणि म्हातारा ‘जी’ म्हणून धावायचा. धम्मदीक्षा घेऊन आले त्या दिवशी त्यांनी धावणं बंद केलं. पोराला, म्हणजे मोठेबाबांना, समोर बसवून सांगितलं, “पुरं नाव घेईन त्यालेच ओ देजो. दुसऱ्यानं कितीबी बोंबलू दे.” मोठेबाबांनी ते शब्द जन्मभर पाळले. बापाचं नाव कधी बदललं नाही, लपवलं नाही. कोणी नाव विचारलं की छाती काढून तिन्ही शब्द सांगायचे.

एकदा स्टॅंडवरच्या नव्या साहेबानं खिडकीतून हाक मारली, “ए दौलत्या, काढ गाडी!” मोठेबाबा आपल्या सीटवर ढिम्म. गाडी खचाखच भरलेली, बाया ओरडू लागल्या, ड्रायव्हर मागं वळून म्हणे, “काहून बेल नाही देत बाप्पा?” मोठेबाबा म्हणाले, “मले कोनं आवाज देला? मले तं आयकू नाही आला.” शेवटी साहेब उन्हात चालत गाडीपाशी आले आणि म्हणाले, “दौलत उकंडा खिल्लारे, काढता का गाडी?” टण टण! ही गोष्ट ते मेडशीच्या फाट्यावर इतक्यांदा सांगायचे की चहावाल्यालाही पाठ झाली होती.

घरात मात्र एका माणसानं त्यांचं नाव कधीच घेतलं नाही, ती म्हणजे मोठीआई. जुन्या वळणाची बाई. नवऱ्याचं नाव म्हटलं की पदर तोंडाला. मोठेबाबा चिडवायचे, “अव, सारं गाव घेते, तूच तेवढी राह्यली.” ती म्हणायची, “चाला व्हा तिकडं!”

यंदा त्यांना नवा जोडा चावला. साखरेचं दुखणं जुनंच, जखम चिघळली, म्हणून दवाखान्यात नेलं. दवाखान्याचं नाव मी घेत नाही. त्यांनी आमचं घेतलं नाही, मी त्यांचं कशाला घेऊ? पहिल्याच दिवशी सिस्टर खेकसली, “ए नऊ नंबर, हात पुढं कर.” मोठेबाबा छताकडं पाहत पडून राहिले. मी म्हटलं, “ताई, त्यांना नावानं हाक मारा, लगेच हात देतील.” ती हसली. “इथं काय बारसं आहे का?” तेव्हापासून ते त्या वॉर्डाचे हट्टी म्हातारे झाले. जेवण आणणाराही जाता जाता टोमणा मारून जाई. मोठेबाबांनी कोणाला उलट शब्द केला नाही. फक्त ओ दिली नाही.

त्या दुपारी मी मालेगावची माझी शाळा सुटल्यावर डबा घेऊन पोचले, तर मोठीआई पलंगाशी उभी राहून पदरानं त्यांचं कपाळ पुसत होती. मोठेबाबांचा सदरा घामानं चिंब, डोळे अर्धे मिटलेले. साखर उतरवायची सुई टोचून गेले होते, पण पोटात घास नव्हता. मोठीआई म्हणाली, “बाई, हे बोलूनच नाही राह्यले व.” मी टेबलाकडं धावले. सिस्टरनं बसल्या जागेवरून आवाज दिला, “ए नऊ नंबर!” दोनदा दिला. “पाहा, पुन्हा रुसून बसला.”

“अहो, अंगाला हात तर लावून पाहा!”

“तुम्ही डॉक्टर आहात का?”

“मास्तरीण आहे.”

“मग शाळेत शिकवा.”

तेवढ्यात मागून आवाज आला. मोठीआई त्यांच्या कानाशी वाकली होती आणि म्हणत होती, “दौलत... दौलत उकंडा खिल्लारे!” उभ्या संसारात पहिल्यांदा. मी पलंगाशी धावले आणि मोठेबाबांचे ओठ हलले. अगदी बारीक, पण मी ऐकलं. ओ.

मोठीआई लेकरासारखी सिस्टरला म्हणाली, “देली, देली! ओ देली त्याईनं!”

सिस्टर म्हणाली, “बोलला ना? म्हणजे नाटकच होतं. डॉक्टर संध्याकाळी येतात, तेव्हा सांगा.”

संध्याकाळी डॉक्टर आले, बोटाला सुई टोचली, साखर पाहिली, ती पार तळाला गेलेली, आणि मग सगळ्यांची पळापळ. आम्हालाच दरडावलं, “आधी का नाही सांगितलं?” त्यांना आत नेलं ते नेलंच. नंतर एकजण समजावत होता, “पेशंट सहकार्य करत नव्हता हो.” माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मरणाऱ्या माणसानं सहकार्य करायचं, आणि पगार घेणाऱ्यानं?

मोठेबाबा गेल्यावरच्या पुण्यानुमोदनाला एक शहाणे पाहुणे म्हणालेच, “एवढा ताठा बरा नाही. चार दिवस नंबराला ओ दिली असती तर काय बिघडलं असतं?” मी भर मंडपात भांडले. ज्याच्या बापाला आयुष्यभर कुत्र्यासारखी हाक मारली, त्यानं पलंगावर पडून परत तेच व्हायचं? आणि नंबराला ओ देणाऱ्यांना तिथं कोण सोन्याच्या पाण्यानं न्हाऊ घालत होतं? शेजारच्या आठ नंबरची सलाईनची बाटली तासभर रिकामी लटकत होती. तो बिचारा तर हाकेला ‘जी’ म्हणत होता.

परवा मेडशीला गेले होते. ओसरीवर मोठेबाबांची खुर्ची तशीच आहे, पाठीला त्यांचा गमछा. संध्याकाळी मोठीआईनं चहा केला, एक कप खुर्चीपुढं ठेवला आणि शेजारपाजार ऐकेल अशा खणखणीत आवाजात म्हणाली, “दौलत उकंडा खिल्लारे, चहा झाला!” मी दचकले. म्हटलं, “मोठीआई, हे रोज करतेस?”

“नाटक होतं म्हने ना ते?” ती म्हणाली. “मंग मी रोज आवाज देतो. नाटक असन तं देतीन ओ.”

तिनं खुर्चीकडं कान दिला. मग कप उचलला आणि आत गेली.