लीलाबाईचा पुढचा दात

इंदुरीच्या लीलाचा पुढचा दात लहानपणी नदीच्या घाटावर पडून निम्मा तुटला. तेव्हापासून ती हसायची ती तोंडावर हात धरून. उघडं हसायची ते एकट्या बापापुढं. "हस की लीले, माझ्या म्होरं कसली लाज?" हौशीराम म्हणायचा.

चौऱ्याहत्तर साली वडिवळ्याचं स्थळ आलं, तसा बाप तिला लोणावळ्याच्या दातांच्या डॉक्टरकडे घेऊन गेला. डॉक्टरांनी दोन डब्यांतला मसाला कागदावर कालवला, तुटक्या कडेवर चढवला. बोलता बोलता तो दगडासारखा घट्ट झाला. रंग अगदी दाताचा.

"नवीन औषध आहे. तंबाखूच्या मिश्रीपासून जपा, डाग धरतं."

बाहेर येताच लीलानं विचारलं, "आबा, पाव्हण्यांना सांगितलंय न्हवं?"

"तर. मुलगा म्हणाला, मला काय दाताशी लगीन लावायचंय?"

एवढ्या एका बोलण्यावर महिपती तिला आवडला, बघायच्या आधीच.

सासरी ती मोकळी हसायची. सासूनं, झुंबरबाईंनी, मिश्रीची डबी पुढं केली तेव्हा डॉक्टरांचं बोलणं आठवलं. पण लपवायचं होतं कुणापासून? दुसऱ्या भातलावणीपर्यंत निम्मा दात तपकिरी झाला, मधोमध रेघ उमटली.

"किडला का गं?" महिपतीनं विचारलं.

"न्हाई ओ, मसाल्यानं डाग धरलाय."

"कसला मसाला?"

लीला हसली. "दाताशी लगीन लावायचंय का, म्हणालात की तुमी."

"मी? कुणाला?"

तिचं हसू तोंडातच राहिलं.

ओसरीवरनं झुंबरबाई बोलल्या, "बैल घेताना दात बघत्यात. आमी सुनंचं बघितलं, तरी फसलो."

महिपती भांडला नाही. "तू तरी सांगायचंस," एवढंच म्हणाला.

"मला वाटलं, तुमाला ठावं हाय."

त्याला ते पटलं नव्हतं.

लीला महिपतीला घेऊन लोणावळ्याला गेली. डॉक्टर म्हणाले, "घासून पांढरा करून देतो."

"काढून टाका. यांच्या देखत काढा."

"अहो, तुटका दिसेल."

"दिसू द्या."

झालेलं सगळं कानावर गेलं, तसा भाताच्या सुगीनंतर हौशीराम लेकीकडं आला. ओसरीवर टेकला, म्हणाला, "तुज्या भल्यासाठीच बोललो, लीले. खरं सांगितलं असतं तर लगीन झालं असतं?"

"ते दाताशी लगीन लावायचं बोलणं कुणाचं व्हतं, आबा?"

हौशीरामनं टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. "माजंच."

लीलानं चहा आणला. कप पुढ्यात ठेवताना पदरानं तोंड झाकून घेतलं. घरात बाकी कुणापुढं ती तोंड झाकत नव्हती.