आपटे मॅडम आणि तळ्यातला झिंगा

आमच्या घरी भात असायचा. त्यासोबत काय, ते गावच्या तळ्यावर अवलंबून. आई कमरेएवढ्या पाण्यात उभी राहून झिंगे पकडायची, वाळवायची, बाजारात बसायची. माझ्या एकुलत्या एका गणवेशाला तोच वास. वर्गातल्या मुली मला ‘झिंगा’ म्हणत. खूप शिकायचं आणि या प्राण्यापासून लांब पळायचं, एवढंच मी ठरवलं होतं. घरातली पहिली पदवीधर झाले, संशोधनासाठी थेट दिल्ली गाठली. तिथे माझ्या मार्गदर्शक आपटे मॅडमनी मला विषय दिला: झिंगा. तोही आमच्याच तळ्यातला.

मॅडम मूळच्या पुण्याच्या, जन्मभर शाकाहारी. अंडं घातलेला केकसुद्धा चालत नसे. सुट्टीत प्रयोगशाळेची वीज जाणार असली, की पोटाशी अंडी असलेल्या माद्या बरणीत घालून त्या मेट्रोने मयूर विहारला घरी नेत. एकदा मी सोबत होते. तपासणीच्या जवानाने बरणी उजेडात धरली.

“मॅडम, ये खाने का है?”

“नहीं भैया, पढ़ने का है.”

त्याने माझ्याकडे दयेने पाहिलं आणि बरणी परत दिली.

मॅडम खरंच झिंगा वाचत होत्या. त्याचा अख्खा जीनोम, म्हणजे जनुकांचा सगळा मजकूर, वाचायचा. मग अंड्यात पिल्लू घडताना कुठलं जनुक कधी जागं होतं, याची जगाला वापरता येईल अशी यादी करायची. त्यासाठी मॅडमनी अंडी घेण्याचं वेळापत्रक बनवलं होतं: तिसरा दिवस, सहावा, नववा. लॅमिनेट करून भिंतीवर. शिवाय एक जाच होता. अंडं कुटून नमुना करण्याआधी प्रत्येकाचा फोटो. “फोटो नाही, तर अंडं नाही.” असे शेकडो फोटो मी दातओठ खात काढले.

जानेवारीत निकाल आले आणि नवव्या दिवशीच्या अंड्यांत डोळे घडवणारी जनुकं गाढ झोपलेली! माझी फेलोशिप मार्चपर्यंत. यादी उभी राहिली नाही, तर पीएचडी गेली आणि मी गावाकडे. मॅडमनी आधी सॉफ्टवेअरला दोष दिला, मग यंत्राला, मग मला. वेळापत्रकाबद्दल कुणी बोललं नाही. ते लॅमिनेट केलेलं होतं.

रविवारी आईला फोनवर सगळं सांगितलं.

“तिकडं थंडी आहे का?”

“खूप.”

“मग! थंडीत अंडी उशिरा पिकतात, बाप्पा. दिवस काहून मोजता? डोळे दिसले का, ते पाहा ना.”

मी धावत जाऊन टाकीत थर्मामीटर घातला. एकोणीस अंश. नोंदवहीत मी रोज अठ्ठावीस लिहीत होते, कारण आदल्या दिवशी तेवढंच लिहिलेलं असे. टाकीचा हीटर कधीच बंद पडलेला. म्हणजे मॅडमचा शेवटचा आरोप खरा होता.

सोमवारी त्यांना सांगितलं. त्यांनी अंड्यांचे फोटो उघडले. मग म्हणाल्या, “आईंना व्हिडिओ कॉल लाव.”

“जयभीम, मॅडम.” आई पडद्यावर आली.

“जयभीम. हा फोटो बघा हो, नववा दिवस.”

“हे कच्चं आहे बाई.”

“आणि हा?”

“याले डोळे आले. दोन-चार दिवसांत पिल्लं सुटतील.”

आई सांगत होती, शास्त्रज्ञ लिहून घेत होत्या.

“तुम्ही याची भाजी कशी करता?” आईने मध्येच विचारलं.

“आम्ही खात नाही हो.”

“काहून? दिल्लीत चव जाते का त्याची?”

मॅडम इतक्या मोकळ्या हसलेल्या मी पहिल्यांदाच पाहिल्या.

ज्या फोटोंना शिव्या घातल्या, त्यांनीच तारलं. दिवस सोडून डोळे आणि पाय पाहून सगळे नमुने पुन्हा लावले, आणि जनुकं शहाण्यासारखी ओळीत जागी झाली. भिंतीवरचं वेळापत्रक मॅडमनी स्वतः काढलं. पुढे ते त्यांच्या जेवणाच्या डब्याखाली असे.

शोधनिबंधाच्या लेखकांत त्यांनी आईचं नाव घातलं. संस्थेचा रकाना सक्तीचा होता.

“मॅडम, राहू द्या ना.”

“का? काम केलंय त्यांनी.” आणि त्यांनी आमच्या तळ्याचं नाव टाइप केलं. ही संस्था कोणत्या मंत्रालयाखाली येते, असं आमच्या कार्यालयाने लेखी विचारलं. मॅडमनी लेखी उत्तर दिलं: “पाण्याखाली.”

निवृत्त होऊन त्या पुण्याला गेल्या. जाताना बरणी माझ्या हातात दिली. “रोज थर्मामीटर बघ. कालचा आकडा बघू नकोस.”

झिंग्याची ती यादी आता कुणालाही मोफत उघडता येते. मला पीएचडी मिळाली. शोधनिबंधावर तिसरं नाव आईचं आहे.