परस्पर केलेली दुरुस्ती

वाशीतल्या त्या कंपनीत मी नवा लागलो, तेव्हा आमच्या सीनियर मॅडमचा मला भयंकर राग यायचा. प्रोग्रॅम नीट चालला तरी त्यांचं समाधान नसे. प्रिंटआउट घेऊन समोर बसायचं आणि एकेक ओळ मोठ्याने वाचून ती कशासाठी लिहिली ते सांगायचं. साताऱ्याच्या कॉलेजात पहिला आलेला मी, आणि बालवाडीतल्या पोरासारखा वाचत बसायचो. शिवाय गिऱ्हाईकाच्या मशीनवर काही बदलायचं नाही. बदल ऑफिसात करायचा, तपासायचा, मगच फ्लॉपी न्यायची. निव्वळ छळवाद.

एकदा एपीएमसीतल्या एका कांदा व्यापाऱ्याकडे गेलो होतो. आमच्या प्रोग्रॅममधून निघणाऱ्या गेटपासवर लॉरीच्या नंबरचा शेवटचा आकडा छापला जात नव्हता. शेटजी डोक्यावर उभे. मी तिथल्या तिथे पाच मिनिटांत दुरुस्त करून दिलं, शेटजींनी चहा पाजला. ऑफिसात मात्र चकार शब्द काढला नाही.

पंधरा दिवसांनी मॅडमनी दुसऱ्याच कामासाठी शेटजींकडे नवी फ्लॉपी पाठवली. तिच्यात ऑफिसातला जुनाच प्रोग्रॅम होता, त्यामुळे माझी दुरुस्ती पुसली गेली. नंबर जुळेना म्हणून वॉचमनने भरलेल्या लॉऱ्या गेटवर अडवल्या. शेटजींनी फोनवर आमच्या मालकांची सालटी काढली.

"फ्लॉपी कोणी पाठवली?" मालकांनी सगळ्यांसमोर विचारलं.

"मी," मॅडम म्हणाल्या.

मग मालक तोंडाला येईल ते बोलले. त्याच महिन्यात मॅडमना टीम लीडर करायचं चाललं होतं. "आणि ह्यांच्या हातात टीम द्यायची!" म्हणत ते केबिनमध्ये गेले. मी प्रोबेशनवर होतो. मान खाली घालून उभा राहिलो.

मॅडम माझ्या टेबलाशी आल्या. "तिकडेच बदललंस ना? मला नुसतं बोलला असतास तरी चाललं असतं."

"मग माझं नाव का नाही घेतलंत?" मी जवळजवळ खेकसलोच.

"मी कशाला घेऊ? तुला तोंड नाहीये?"

"सांगतो मी साहेबांना."

"सांग ना. दार उघडंच आहे."

मालकांवरचा राग, मॅडमवरचा राग, सगळे राग सोयीचे होते. ज्याचा यायला हवा होता तो मीच होतो, आणि ती चीड आजही जात नाही. दार खरंच उघडं होतं, दहा पावलांवर. मी खुर्ची ओढली आणि स्क्रीनकडे बघत बसलो. महिनाअखेरीस टीम दुसऱ्याच कोणाला तरी दिली.