खरी गोळी, साधी गोळी आणि आमचे साडू

आमच्या साडूंनी आयुष्यात एकही गोष्ट तपासल्याशिवाय मान्य केलेली नाही. लग्नात अंतरपाट धरला तेव्हासुद्धा पलीकडे ठरलेलीच मुलगी आहे ना, हे त्यांनी बाजूने वाकून बघून घेतलं होतं. हिंजवडीच्या एका कंपनीत दुसऱ्यांच्या प्रोग्राममधल्या चुका शोधण्याचा त्यांना पगार मिळतो; घरी तेच काम ते फुकट करतात. मात्र सगळ्यात मोठी चूक त्यांच्या स्वतःच्याच छातीत होती. हृदयाची रचना जन्मतःच बिघडलेली. लहानपणी दोन ऑपरेशनं झाली, आणि "दहा वर्षं काढली तरी पुष्कळ," असं डॉक्टरांनी त्यांच्या आईला सांगितलेलं. त्यावर साडूंचा शेरा, "अंदाज चुकला, पण शिलाई चोख होती."

त्रेचाळिसाव्या वर्षी त्यांना इस्पितळातून विचारणा झाली. मधुमेहावरची एक गोळी असा जन्मजात दोष असलेल्या मोठ्या माणसांच्या हृदयालाही उपयोगी पडते का, याची चाचणी होती. काहींना खरी गोळी, काहींना दिसायला तशीच पण औषध नसलेली. कोणाला कुठली, हे शेवटपर्यंत डॉक्टरांनाही कळणार नव्हतं. मेहुणी घाबरली. "बरं चाललंय ना, मग कशाला हात लावायचा?"

"अगं, माझं ऑपरेशन जमलं, ते माझ्याआधी कोणीतरी त्या टेबलावर झोपलं म्हणून," साडू म्हणाले. मग त्यांनी संमतीपत्रातल्या शुद्धलेखनाच्या चुका लाल शाईने दुरुस्त केल्या आणि सही ठोकली.

त्या गोळीने लघवीला जास्त होऊ शकतं, हे कळल्यावर आपली गोळी कुठली, हे शोधायला त्यांना तेवढा धागा पुरला. विश्रांतवाडीहून निघालेल्या कंपनीच्या बसमधून ते मध्येच उतरून एखाद्या हॉटेलात शिरत. तोवर हिंजवडीच्या कोंडीत अडकलेली बस जेमतेम शंभर पावलं सरकलेली असल्याने चालत येऊन पुन्हा चढत. खरी गोळी आपल्यालाच मिळालीय, हे त्यांनी घरोघरी आणि तपासणीला गेल्यावर डॉक्टरबाईंनाही जाहीर केलं. पुढे तीन मजले न थांबता चढू लागले, तेव्हा मेहुणीच्याही जिवात जीव आला.

वर्षभराने निकाल ऐकायला मीही सोबत गेलो. डॉक्टरबाई म्हणाल्या, "आपल्याला साधी गोळी होती."

"मग बसमधलं ते काय होतं?"

"हिंजवडीचा रस्ता."

"आणि जिने?"

"ते आपणच चढलात."

साडूंचा चेहरा उतरला. "म्हणजे माझा काहीच उपयोग झाला नाही."

"अहो, तुमच्याशी ताडून बघितलं नसतं, तर त्या गोळीबद्दल आम्हाला काय कळणार होतं?" बाई म्हणाल्या. ते साडूंना पटलं, म्हणजे त्यांनी उलट प्रश्न विचारला नाही.

बाहेर बाकावर एक बाई तान्ह्या मुलीला घेऊन बसली होती. मुलीचे ओठ निळसर होते. दाराआडून बोलणं तिच्या कानावर गेलं असावं. "दादा, तुम्हालाही जन्मापासूनच का? वय काय तुमचं?"

"चव्वेचाळीस."

ती त्यांच्याकडे बघतच राहिली. साडूंना ऑफिस गाठायचं होतं. पण तिचं बघून होईपर्यंत ते तिच्यासमोर निमूट उभे राहिले.